मोहाला बांधलेला निळा सदरा

चंद्रपूर
३ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

जय भीम. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते शेजारच्या कुणाकरवी सांगवत नाही, म्हणून लिहितो आहे.

फुफाजी दोन दिवसांच्या तापात गेले. मी आलो, त्यांना पोचवलं आणि त्याच संध्याकाळी निघालो. तुझ्याशी दोन शब्दही धड बोललो नाही. तिकडे बाबा नागपूरला दवाखान्यात होते. आदल्याच दिवशी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तीन नळ्या बदलल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "लटारू नाई आला का मले पाह्याले?" मी म्हणालो, आत्याला ताप आहे, फुफाजी तिच्यापाशी आहेत. तोंडातून निघून गेलं.

डॉक्टर म्हणतात, तीन महिने त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. आता ते घरी आले आहेत आणि कागद-पेन मागत आहेत. ते तुला लिहितील, आणि फुफाजींची खोडी काढल्याशिवाय त्यांचं पत्र पुरं होत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू उत्तर देशील त्यात फुफाजी गेल्याचं लिहू नकोस. तीन महिनेच.

जिचं माणूस गेलं तिलाच हे मागतो आहे, याची मला लाज वाटते. पण दुसरं काही सुचलं नाही.

तुझा
अश्वजित


चंद्रपूर
१४ जानेवारी २०२४

अंजना,

जय भीम. मी आहे अजून. छातीवर मधोमध टाके घातलेत, पोत्याचं तोंड शिवतात तसे. बिनमिठाची भाजी, बिनतेलाचं वरण. अश्वजित माझ्यावर असा पहारा देतो की मी घरातलं लोणचं घेऊन पळून जाणार आहे. तेहतीस वर्षं वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काढली, तेव्हा कोणी जेवलास का म्हणून विचारलं नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं. माझी छाती फाडली, दोन महिने झाले, आणि हा गडी आला नाही? तुला ताप होता म्हणे. तुझ्या तापात हा काय करणार होता? चहा ठेवला तर उतू घालवतो. त्याला म्हणावं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला वेळ आहे, साळ्याला पाहायला नाही? एरवी कुठेही आधी घुसायचं असलं की हा पुढे. चंद्रपूरच्या बसस्टँडवर बस नीट लागायच्या आत खिडकीतून दुपट्टा फेकून जागा धरतो. दीक्षाभूमीवर जेवणाच्या रांगेत मागून येऊन माझ्या पुढे उभा राहतो. शाळेतही एका बाकावर बसायचो आम्ही, तेव्हाही भिंतीकडची जागा त्याचीच. असल्या माणसाला मी बहीण दिली.

डॉक्टर म्हणाले, "काका, खूश राहा." गोळ्यांची नावं लिहून दिली, वेळा लिहून दिल्या. खूश कसं राहायचं ते काही लिहून दिलं नाही. अश्वजितची आई गेल्यापासून मी त्या वाटेला फिरकलो नाही, हे तुला माहीत आहे. मी आयुष्यात पाहिलेला खूश माणूस एकच. आलापल्लीच्या डेपोत सागाची लाकडं मोजता मोजता म्हातारा झाला, पेन्शन नाही, पोरंबाळं नाहीत, बायकोचे कान गेले, तरी दात काढत असतो. त्याला विचार, हे कसं जमतं? थट्टा नाही करत. खरंच विचार आणि लिहून पाठव.

तुझा भाऊ
देवराव


मुलचेरा
२८ जानेवारी २०२४

भाऊ,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. अक्षर थोडं हललं आहे, पण तुझंच आहे. जिवाला जप. लोणच्याचा नाद सोड.

त्यांचा गुडघा धरला आहे, बसचा प्रवास होत नाही, म्हणून यायचं राहिलं. राग धरू नको.

तू विचारायला सांगितलंस. त्यांचं उत्तर असं, "साळेबुवाले सांग, मी खूश-बिश नाई गा. मले फक्त घाई नाई." मी म्हटलं, घाई नाही तर बसमध्ये दुपट्टा काऊन टाकता? तर म्हणाले, "एकदा जागा धरली का मंग निवांत उभं राह्यता येते." आणि भाऊ, तू एवढी वर्षं त्यांना बोलतोस, पण आठवून पाहा, धरलेल्या जागेवर ते स्वतः कधी बसले? मी असले तर मी, नाहीतर कोणी लेकुरवाळी. हे दांडीला धरून उभे, पार आष्टीपर्यंत.

माझे कान गेल्यापासून मला हाक मारून उपयोग नाही. मग ते खाटेचा पाय काठीनं वाजवतात, दोनदा. जमीन शेणानं सारवलेली आहे, तिच्यातून माझ्या तळव्यांना कळतं. चूल सोडून वळून पाहिलं की काही काम नसतं. नुसते हसतात. मी चिडते. पुन्हा वाजवतात.

शेजारच्या बिश्वासबाईनं तळ्यातली रोहू दिली होती. त्यांच्या बंगाली पद्धतीनं मोहरी वाटून केली. बरी झाली.

तुझी
अंजना


मुलचेरा
२ मार्च २०२४

अश्वजित बाळा,

तीन महिने झाले. तू म्हणालास तसं पाळलं. आता मला सांगू दे.

इथं सगळं रीतसर झालं. पुण्यानुमोदन झालं, माणसं आली, पलीकडच्या घरच्या सोनीबाईनं आठ दिवस दोन्ही वेळचं जेवण आणलं. मी सगळ्यांच्या देखत रडले. पण भाऊजवळ रडले नाही. आमचे आईबाप गेले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो होतो, आणि मग कुठे ते गेल्यासारखे वाटले. ह्यांचं तसं झालंच नाही. माझं रडणं अर्धं अडकून राहिलं आहे.

दुसरं सांगायला मला भीती वाटते. भाऊला ते पत्र लिहिताना मी हसले. ते असं म्हणाले, तसं म्हणाले, लिहीत गेले तर दिवसभर ते घरात होते. त्यातलं खोटं एवढंच की ते सगळं आधी कधीतरी म्हणाले होते, आणि मी आज म्हणाले असं लिहिलं. पत्र पोस्टात टाकून आले तर घर पुन्हा रिकामं. खाटेकडे पाहवेना. ही सवय लागली तर माझं काय होईल, सांग. म्हणून म्हणते, मला यातून मोकळी कर.

तुझी
आत्या


चंद्रपूर
१० मार्च २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. परवा बाबांची तपासणी झाली. हृदय हवं तसं जोर धरत नाही. डॉक्टर म्हणतात, जूनपर्यंत सांभाळा.

आणि तुझं जानेवारीतलं पत्र बाबांनी विहारात वाचून दाखवलं. "मले फक्त घाई नाई," हे ते आल्यागेल्याला ऐकवतात, दूधवाल्यालासुद्धा. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले ते त्या पत्रामुळे.

आत्या, आणखी एकच पत्र. मग मी स्वतः त्यांना सांगेन.

अश्वजित


मुलचेरा
७ एप्रिल २०२४

भाऊ,

मोह गळतो आहे. उजाडता उजाडता जंगलात जावं लागतं, ऊन चढलं की फुलं सुकतात आणि त्यांच्यावर ढोरं येतात. वाघाची बोंब आहे, म्हणून आम्ही पाचजणी मिळून जातो. एकीच्या हातात डबा असतो, ती सारखी वाजवते. मला ऐकू येत नाही, तिचा हात हलताना दिसला म्हणजे झालं.

आपलं झाड यंदा लांबूनच ओळखू येतं. निळा सदरा बांधला आहे ना, तो वाऱ्यानं हलतो. तू रिटायर झालास तेव्हा ह्यांना घेऊन दिलेला. खिशावरचा खर्ऱ्याचा डाग दोन पावसाळे धुऊनही गेला नव्हता, तो तसाच आहे.

टोपली भरत आली की मी सगळंच वेचायला जाते. हे म्हणतात, "ओंजळभर राहू दे खाली, हरणाईचं हाये ते." बुंध्यापाशी ओंजळभर ठेवून येते. दुसऱ्या दिवशी नसतात फुलं.

तुझं ते सुखाचं मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "येचता येचता पाठ मोडते, तरी दुसऱ्या दिवशी कोंबड्याच्या आधी डोया उघडते. तेच असन. मले का माहीत?" यापुढे त्यांना विचारू नकोस. त्यांना एवढंच येतं.

सुकवलेला मोह थोडा पाठवते. अश्वजितला सांग, उकडून दे, चालेल डॉक्टरला विचारून.

तुझी
अंजना


चंद्रपूर
१५ जुलै २०२४

प्रिय अंजना हिस,

सप्रेम जय भीम. तुझं एप्रिलचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. मधे उन्हाळा फार होता. मोह मिळाला, गोड होता.

माझी तपासणी चांगली निघाली. डॉक्टर समाधानी आहेत. काळजी करू नये.

रविवारी पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू होतो आहे. समारोपाच्या दिवशी "सुख" या विषयावर मी वीस मिनिटं बोलावं, असं सर्वांचं म्हणणं पडलं. आदरणीय लटारूभाऊंचे विचार मी तिथे मांडणार आहे. त्यांना माझा सविनय जय भीम सांगावा. त्यांच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करतो.

पावसाचे दिवस आहेत. नदीला पूर असताना बाहेर पडू नकोस. रात्रीचं दार नीट लाव. घरात तेल-मीठ आहे ना? काही लागलं तर संकोच न करता कळव.

बाई, तू सुखात आहेस ना?

देवराव


मुलचेरा
४ ऑगस्ट २०२४

भाऊ,

पुरानं आठ दिवस रस्ता बंद होता. काल टपाल आलं.

तुला कळलं आहे.

कधी कळलं, कसं कळलं, ते तू सांगशील. पण पाकीट फोडून चार ओळी वाचल्या आणि मला समजलं. आदरणीय लटारूभाऊ! शाळेपासून तू त्यांना लटाऱ्या म्हणतोस. लग्नात भर मांडवात म्हणालास, "असा बैल आमच्या बाईले भेटला." चाळीस वर्षांत तुझ्या तोंडून त्यांच्यासाठी एक सरळ शब्द निघाला नाही, आणि तुझ्या वाकड्या शब्दांचीच ते वाट पाहत असायचे. तुझं पत्र आलं की म्हणायचे, "वाच, आज का शिव्या देल्ल्या पाहू." जिवंत माणसाला तू इतक्या मानानं बोलणार नाहीस.

तर आता खरं लिहिते. एकवीस नोव्हेंबरला पहाटे गेले. ताप डोक्यात गेला म्हणाले डॉक्टर. शेवटच्या रात्री त्यांना बोलता येत नव्हतं. खाटेचा पाय वाजवत होते, काठी नव्हती तर हातानं. मी रात्रभर खाटेपाशी जमिनीवर बसून होते आणि तरी वाजवत होते. मी समोरच आहे हे त्यांना दिसत नसावं. मी पाय धरून सांगत राहिले, इथं आहे मी, इथं आहे. पहाटे जमीन थांबली.

चार वर्षांपूर्वी माझे कान गेले तेव्हा सगळे हळहळले. मला काही एवढं वाटलं नव्हतं. खरी बहिरी मी त्या पहाटे झाले.

तू विचारतोस, सुखात आहेस ना. विहारात जाऊन खोटं बोलू नकोस म्हणून सांगते. मी सुखात नाही. मी होते, तेव्हा मला ते कळत नव्हतं. चुलीपाशी हात भरलेले असताना तो माणूस विनाकारण वाजवायचा आणि मी कपाळाला आठ्या घालून वळायचे. माझं सुख एवढंच होतं. आठ्या घालून वळायची मी.

आणि तुला लिहिलेल्या पत्रांत ते आठ महिने जगले. मी त्यांना जगवलं. अश्वजितला दोष देऊ नकोस, दुसऱ्या पत्रात मी माझ्या हौसेनं लिहिलं. पोस्टाच्या वाटेवरून येताना रिकामं वाटायचं, तरी लिहिलं. आता तूच त्यांना आदरणीय केलंस, तर माझ्याच्यानं पुढं लिहवणार नाही.

रस्ता उघडला की ये. तुझ्याजवळ रडायचं राहिलं आहे.

अंजना


चंद्रपूर
१९ ऑक्टोबर २०२४

बाई,

तुझ्याकडून येऊन महिना होऊन गेला. तिथं चार दिवस होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मला समोर बसून पाटीवर लिहिता येत नाही. म्हणून आपण नुसते रडलो. राहिलेलं आता लिहितो.

मला कळलं ते निळ्या सदऱ्यावरून. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का, काय लिहून बसलीस? आपले बाबा गेले त्या वर्षी आईनं त्यांची बंडी आपल्या मोहाला बांधली होती. तू नऊ वर्षांची होतीस, मी तेरा. तू विचारलंस, बाबांची बंडी झाडाले काऊन? आई म्हणाली, ज्या घरचा माणूस गेला, त्याचं कापड पहिल्या वर्षी झाडाले बांधतात, म्हणजे त्या झाडाखाली दुसरं कोणी येचाले येत नाई. आपल्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. तू झाडाजवळून आलीस, डोळ्यांसमोरचं लिहून टाकलंस. मी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग अश्वजितला हाक मारली. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रडायलाच लागला.

माझी छाती फुटली नाही, बाई. डॉक्टरनं शिवण पक्की घातली आहे. उलट लाज वाटली. मी इकडे लोणच्यासाठी भांडत होतो आणि तू तिकडे एकटी बसून मला हसवत होतीस.

मग तीन महिने मी का लिहिलं नाही? अश्वजितनं तुझं मार्चचं पत्र मला दाखवलं. तू लिहितेस तेवढा वेळ तो घरात असतो, हे मी वाचलं. म्हटलं, मी कळलं म्हणून कळवलं तर मीच त्याला दुसऱ्यांदा मारीन. आपणही तसंच लिहावं, त्याला चार शिव्या द्याव्यात. दहा कागद फाडले. मेलेल्या मित्राला शिवी लिहायला हात उठेना. शेवटी मुनीमजीसारखं ते पत्र लिहिलं, आणि तू चार ओळींत पकडलंस.

तुझ्या घरचं एक मनातून जात नाही. तिसऱ्या दिवशी मला पाणी हवं होतं, तू चुलीपाशी पाठमोरी. मी विचार न करता खाटेचा पाय वाजवला, दोनदा. तू वळलीस. बाई, तुझ्या कपाळाला आठ्या होत्या. मग तुला मी दिसलो. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी हात जोडले, चुकलो म्हणालो. तू पाण्याचा गडवा आणून ठेवलास आणि म्हणालीस, "वाजवत जा. कोणीतरी वाजवलं पाह्यजे." निघेपर्यंत मी रोज वाजवलं, काही काम नसताना. तुला त्यानं बरं वाटलं की नाही, मला समजलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा विहारात समारोप झाला. वीस मिनिटांचं भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. मी एवढंच म्हणालो की माझा एक मित्र होता, तो बसमध्ये जागा धरायचा आणि स्वतः उभा राहायचा. मग खाली बसलो. लोकांना वाटलं, तब्येत बिघडली.

त्याच्या आदल्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलो होतो. जेवणाच्या रांगेत तासभर उभा होतो. मागून कोणी आलं नाही. दोनदा मी आपणहून अर्धं पाऊल मागं सरकलो, पुढं जागा ठेवली. मागची बाई ओरडली, "काका, सरका ना समोर." सरकलो.

पुढच्या मार्चात मी येतो. आपण दोघं मिळून वेचू. पाठ माझीही मोडेल. ओंजळभर खाली ठेवू. सदरा तोवर पावसानं विरला असेल, तो काढू नको, आपोआप पडू दे.

आता खालचं त्याच्यासाठी आहे. तू खाटेपाशी बसून मोठ्यानं वाच. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल.

लटाऱ्या, हरामखोरा, नंबर माझा होता. माझी छाती उघडी पडली होती, डॉक्टर कागदावर सह्या घेत होते, सगळी तयारी माझी झाली होती, आणि तू मागून येऊन खिडकीतून दुपट्टा टाकलास. लाज नाही वाटली? आपण वरचं-बिरचं काही मानत नाही, मीही मानत नाही. पण तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून सांगून ठेवतो. कुठे जागा धरली असशील, तर दोन धर. खिडकीची बाईला दे. तू आणि मी दांडीला धरून उभे राहू. तोपर्यंत ती इथं राहील, आणि खाट वाजवायला मी येत जाईन. आम्हाला घाई नाही.

देवराव